बसायचं न्हाई

कुरुंद्यात उकंडरावाला बसलेलं कुणी पाहिलं असेल, तर एक तर जेवायला नाही तर मयतीला. एरवी गडी उभाच. चहा उभ्यानं, पेपर उभ्यानं, पाव्हण्यारावळ्यांशी गप्पासुद्धा ओसरीच्या खांबाला हात लावून उभ्यानंच. कुणी म्हणालं, बसा की वो घडीभर, तर उत्तर ठरलेलं: सरणावर आडवं व्हायचंच हाये, मग बसायची काय घाई? लोक हसायचे. आता तो ते वाक्य बोलत नाही. काहून बोलत नाही, ते सांगायचं म्हणजे त्याच्या पोराचं सगळंच सांगावं लागतं.

उकंडरावाच्या आधीची तीन भावंडं पाळण्यातच गेली. म्हणून हा जन्मला तेव्हा आईनं याला उकिरड्यावर नेऊन ठेवलं, तिथून उचलून आणलं आणि नाव ठेवलं उकंडा. यमाला वाटलं, केरकचराच आहे, आणि तो पुढं निघून गेला. तो जो गेला तो बासष्ट वर्षं झाली या घराकडं फिरकला नाही. ताप नाही, खोकला नाही, आजवर स्वतःच्या दुखण्यासाठी एक सुई टोचून घेतलेली नाही. असल्या माणसाला दुसऱ्याचं दुखणं कळायचं कसं? ज्याला कधी ठेच लागली नाही, त्याला सगळे लंगडे सोंगाडेच वाटतात.

चार एकर हळद. हळद म्हणजे नाजूकसाजूक माणसाचं पीक नव्हे. खणून काढा, शिजवा, पंधरा दिवस उन्हात वाळवा, मग मोठ्या लोखंडी ड्रममध्ये घालून फिरवा, म्हणजे वरची साल घासून हळकुंड चकाकतं. आता तो ड्रम ट्रॅक्टरवर फिरतो. तेव्हा दोन्ही बाजूंना दांडे होते आणि चार गडी लागायचे. उकंडराव असला की तीन पुरत. आणि पारख अशी, की वसमतच्या बाजारात व्यापारी त्याच्या हातात हळकुंड द्यायचे. तो ते मट्कन मोडायचा, आतला रंग बघायचा आणि सांगायचा, हे कुठल्या रानाचं, याला पाणी कधी कमी पडलं, याच्यात कूज कुठून शिरली. हळकुंडाच्या आतलं त्याला सगळं कळत होतं.

खेमा हे त्याचं एकुलतं एक पोरगं. दिसायला भरदार, पोटऱ्या तर तालमीतल्या पैलवानासारख्या. पण धावायच्या शर्यतीत शंभर पावलांवर मटकन खाली बसायचा. घरापासून शेत दीड किलोमीटर. निम्म्यावर ओढ्याचा एक छोटा पूल. खेमा त्या पुलाच्या कठड्यावर बसायचाच बसायचा. दहा मिनिटं. मग उठला की जो चालायचा तो थेट बांधापर्यंत, कधी कधी बापाच्याही पुढं.

हेच उकंडरावाला खुपायचं. लंगडा माणूस बसून उठला तर लंगडाच राहतो ना? हे पोरगं बसून उठतं आन घोडं होतं. म्हणजे सोंगच की! खरी तकलीफ असती तर दहा मिनिटांत गेली असती का? त्यानं पोराला नाव दिलं: अंगचोर.

आता कामचोर वेगळा आणि अंगचोर वेगळा, बरं का. कामचोर काम बघून पळून जातो. अंगचोर कामावर हजर असतो, पण अंग राखून असतो. ताकद आहे, लावत नाही. कामचोराला लोक हसून सोडून देतात, अंगचोराला कुणी सोडत नाही, कारण त्याच्या कोठीत धान्य आहे आणि तो ते काढत नाही, असा त्याच्यावर आळ असतो. आणि गावाला तर नाव मिळायचाच अवकाश. शाळेतल्या मास्तरापासून पिठाच्या गिरणीपर्यंत तो खेमा अंगचोर झाला. पुढं साखऱ्याहून एक सोयरीक आली होती, तेव्हा पारावरच्या कुणीतरी पाव्हण्यांच्या कानात तेवढा एकच शब्द टाकला. पाव्हणे चहा पिऊन गेले ते गेलेच.

खेमाला एक गोष्ट मात्र आपली आपण कळली होती. कामाला लागायच्या आधी गुळाचा खडा खाल्ला, की अंग जरा उशिरा आखडतं. द्वारकाबाई, म्हणजे उकंडरावाची बायको, तशी त्याच्या सख्ख्या मामाचीच पोरगी, ती गुपचूप पोराच्या खिशात खडा टाकायची. एक दिवस सदऱ्याच्या खिशाला मुंगळे लागलेले उकंडरावानं बघितले. आधी अंगचोर, आता गूळचोर बी, असं म्हणून त्यानं गुळाचा डबा कोठीत ठेवला, कोठीला कुलूप घातलं आणि चावी करदोड्याला बांधली. द्वारकाबाई गप्प बसली. तेव्हा गप्प बसल्याचं तिला अजून टोचतं.

खेमा एकोणीस वर्षांचा होता त्या सालची गोष्ट. चैत तोंडावर आलेला, हळद वाळून तयार, ड्रम मांडलेला. एक गडी लग्नाला गेला म्हणून दांड्याला खेमा लागला. सेवा नावाचा गडी मोठा तोंडाळ. तो म्हणाला, मालक, दांडा पोराच्या हातात न्हाई, पोरगंच दांड्याला लटकलंय. बाकीचे खो खो हसले. उकंडरावाच्या डोक्यात तिडीक गेली. तो पोरासमोर येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "आज ह्यो ड्रम रिकामा होईस्तोवर बसायचं न्हाई."

सात-आठ मिनिटं झाली असतील. खेमाच्या कपाळावरनं घाम गळायला लागला. त्यानं विनवलं, "आबा, घडीभर बसू द्या. मंग मी एकला फिरवतो."

एकला फिरवतो! हे ऐकून तर उकंडरावाची खात्रीच पटली. बसू दिलं की एकट्यानं फिरवायची ताकद आहे, आणि आता नाही? त्यानं पुन्हा तेच सांगितलं, बसायचं न्हाई. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हाही तेच.

मग खेमाचे हात दांड्यावरनं सुटले. पण बोटं उघडेनात. दोन्ही मुठी आवळलेल्या, कोपरं वाकलेली, डोळे लाल, आणि तसाच तो बापाकडं वळला. उकंडरावाला वाटलं, पोरगं मूठ उगारून अंगावर आलं, चार गड्यांच्या देखत. त्यानं कानाखाली वाजवली. मुठी तरी उघडल्या नाहीत.  खेमानं आखडलेली मनगटंच दांड्यात अडकवली आणि ड्रम रिकामा होईपर्यंत तो फिरवत राहिला. सेवासुद्धा नंतर हसला नाही.

दुसऱ्या दिवशी पोराची लघवी काळ्या चहासारखी झाली. उलट्या सुरू झाल्या. आता हळदीच्या दिवसांत कुरुंद्यात सगळेच पिवळे: नखं पिवळी, कपडे पिवळे, डोळ्यांच्या कडासुद्धा पिवळ्या. पोरगं पिवळं दिसतंय आणि लघवी काळी, म्हणजे कावीळच, दुसरं काय असणार? शेजारच्या रुख्मिणीबाईनं सांगितलं आणि घरानं मानलं. काविळीची माळ आणून डोक्यात घातली. कावीळ उतरेल तशी ती माळ वाढत वाढत गळ्यात येते आणि मग छातीवर येते म्हणतात. जेवणातलं तेल बंद, हळद बंद. हळदीच्या घरात हळद बंद, बघा! सहा दिवसांत माळ छातीपर्यंत उतरली, पण पोराचं तोंड सुजत गेलं आणि लघवी थेंबावर आली.

सातव्या दिवशी नांदेडला नेलं. किडन्या बंद पडायला आल्या होत्या. रक्त मशीनमधून धुऊन काढावं लागलं, तीन आठवडे खाट सुटली नाही. कावीळ नव्हती एवढं डॉक्टर म्हणाले. मग काय होतं, ते त्यांनाही सांगता आलं नाही. पोरगं वाचलं. उकंडराव त्या तीन आठवड्यांत दवाखान्याच्या व्हरांड्यात उभा होता, आणि रात्री कुणी बघत नाही असं बघून रडला होता. पण गावात आल्यावर तो सगळ्यांना सांगत राहिला, काविळीनं झालं. ड्रमचं नाव त्यानं काढलं नाही, आणि दुसऱ्या कुणी काढलेलं त्याला खपलं नसतं.

खेमा दोन महिने ओसरीवर पडून होता. मृगाची पेरणी तोंडावर आली. एक दिवस बैलांना पाणी दाखवून येताना उकंडरावाच्या तोंडून निघून गेलं, "बसूनच खायचं असंल तर दुसरं घर बघ." बाप बोलतात तसं बोलला तो. पोटात तसं काही नव्हतं. पण खेमानं दोन सदरे पिशवीत घातले, आईच्या पाया पडला आणि गेला.

कनेरगाव नाक्यावर अमरसिंग नावाचा एक म्हातारा विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींचं वायंडिंग करायचा. खेमा त्याच्या हाताखाली लागला. हे काम बसून करायचं: जळालेली तार उपसायची, नव्या तांब्याच्या तारेची कॉइल गुंडाळायची, एकेक वेढा मोजून खाचेत बसवायचा. तीन-चार वर्षांत हात असा बसला, की वाशीमकडचे शेतकरीसुद्धा मोटार घेऊन येऊ लागले, आणि अमरसिंगाच्या माघारी दुकान खेमाचंच झालं. उकंडराव दोनदा एसटीनं वाशीमला गेला. दोन्ही वेळा खिडकीतनं त्यानं पोराला बघितलं. मान खाली घालून, मांडी घालून बसलेला. नाक्यावर एसटी थांबायची, पण हा उतरला नाही.

अशी पंधरा वर्षं गेली. द्वारकाबाई नवरा शेतात गेला की पोराशी फोनवर बोलायची. घरी ये म्हणायची. तो म्हणायचा, ज्यांनी जा म्हनलं त्यांनी ये म्हनावं.

गेल्या दिवाळीनंतर खेमानं एकट्यानं एक मोठी मोटार उचलून टेबलावर ठेवली आणि पुन्हा लघवी काळी झाली. या वेळी हिंगोलीच्या एका तरुण डॉक्टरनं कावीळ म्हटलं नाही. त्यानं रक्त तपासायला लावलं. अंगातलं मांस फुटलं की रक्तात जे वाढतं, ते शेकड्यात असायला पाहिजे ते हजारोंत निघालं. तिथून हैदराबादच्या एका मोठ्या दवाखान्यात पाठवणी झाली. महिन्याभरानं खेमाचा फोन आला. जन्मापासूनचा आजार आहे, आईबापाकडून आलेला आहे, दोघांचं रक्त पाहिजे, असं डॉक्टर म्हणतात. उकंडराव तेव्हा ओसरीवर चहा पीत उभा होता. द्वारकाबाईनं पंधरा वर्षांत पहिल्यांदा त्याच्यासमोर पोराचं नाव घेतलं. त्यानं कप खाली ठेवला आणि एवढंच विचारलं, कवा जायचं?

निघायच्या दिवशी तिनं नवऱ्याला स्पष्ट सांगितलं, "त्याला घरी बोलवायचं तर तुमीच बोलवा. मी पंधरा वरसं बोलावून थकले." उकंडरावानं मान हलवली. तीन शब्द तर म्हणायचे होते: घरी चल, बाळा. वाटेत तो ते मनातल्या मनात घोकत होता.

हैदराबादच्या डॉक्टरीणबाई मूळच्या हिंगोलीच्या निघाल्या, संपदा नाव. त्यांनी तिघांना समोर बसवलं. म्हणजे दोघं बसले, उकंडराव उभा राहिला. त्यांनी साध्या भाषेत सांगितलं. माणसाच्या मांसात साखरेचा साठा असतो, एकदम जोर लावायचा तर तो लागतो. खेमाच्या मांसात साठा भरपूर आहे, पण तो उघडायची चावीच जन्मतः नाही. कोठी भरलेली आणि कुलूप लागलेलं. जोर लावला की मांस उपाशी पडतं, आखडतं, फुटतं. फुटलेलं मांस किडनीत जाऊन बसतं, म्हणून लघवी काळी. सदोष गुण एकट्या आईकडून किंवा एकट्या बापाकडून आला असता तर काही झालं नसतं. दोघांकडूनही आला. आत्या-मामाच्या नात्यात लग्नं होतात तिथं असं जास्त होतं. मामाची पोरगी हक्काची, असं म्हणून केलेलं लग्न. दोघांनी एकमेकांकडं बघितलं आणि माना खाली घातल्या.

कुलूप म्हटल्याबरोबर उकंडरावाचा हात आपोआप करदोड्याकडं गेला होता. चावी तिथं कधीचीच नव्हती.

मग संपदाताईंनी दुसरी गोष्ट सांगितली. असा माणूस पहिल्या काही मिनिटांत दमतो, पण जरा बसला, की तोवर रक्तातून दुसरं इंधन मांसापर्यंत पोचतं आणि मग तो चांगला चालतो. याला दुसरा दम म्हणतात.

"म्हंजे," उकंडरावानं विचारलं, "बसून उठलं की चालता येतंय..."

"हीच तर या आजाराची खूण आहे, काका. खेमाराव बसत होते ते बरोबरच करत होते. आधी गूळ खायचे म्हणाले, तेही बरोबर. त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, शरीरानंच शिकवलं."

द्वारकाबाईनं नवऱ्याकडं बघितलंसुद्धा नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं. उकंडरावाला पूल आठवला. दहा वर्षं तो त्या पुलावर पोराच्या सोंगाचा पुरावा बघत होता आणि तीच खूण होती. पारख करणारा माणूस! हळकुंड मोडून रान सांगणारा!

रक्त दिलं. आता एमआरआय राहिला होता. या आजाराचा अभ्यास चालू होता तिथं, देशभरातले वीस-बावीस लोक त्यात होते. कुठलं मांस जाऊन तिथं चरबी भरली ते मशीन चित्रात दाखवतं, आणि माणूस आत पाय हलवत असताना मांसातलं इंधन कसं उतरतं तेही मोजतं. पुढं एखाद्या पोराला लवकर ओळखता आलं पाहिजे, कुणाच्या मांसाचा तुकडा न कापता, असं संपदाताई म्हणाल्या. खेमानं सही केली.

दारातल्या माणसानं उकंडरावाच्या खिशातला अडकित्ता काढून घेतला. आत जबरदस्त लोहचुंबक आहे, म्हणाला. खेमाचा करदोडासुद्धा सोडायला लावला. काचेच्या अलीकडं एक छोटी खोली होती, तिथं संपदाताई, मशीन चालवणारा माणूस आणि परवानगी काढून उकंडराव. काचेपलीकडं ते मशीन. उकंडरावाला ते हळदीच्या ड्रमसारखंच दिसलं, तसंच गोल आणि आडवं. 

पोटरीला बांधायला मशीनवाल्यानं एक पट्टा आणला आणि कॉइल बांधतो म्हणाला. कॉइल म्हटल्याबरोबर खेमा उठून बसला. त्यानं ती हातात घेऊन उलटसुलट बघितली, किती टर्नची आहे विचारलं, चुंबक थंड कसं ठेवता विचारलं. मशीनवाल्याला धड उत्तर देता येईना, तेव्हा खेमा हसला. उकंडराव काचेतून बघत होता. पोराला काही येतं, त्याच्या हाताला काही कळतं, हे त्यानं आयुष्यात पहिल्यांदा बघितलं.

आधी चित्रं निघाली. संपदाताईंनी पडद्यावर दोन मांड्या शेजारी लावल्या, आडव्या कापल्यावर दिसतील तशा. एक धडधाकट माणसाची: सगळी काळसर, कडेला बारीक पांढरी रेघ. दुसरी खेमाची. मागच्या बाजूला पांढरे पट्टेच पट्टे, आतपर्यंत शिरलेले. पांढरं म्हणजे चरबी. मांस एकदा फुटलं, भरलं, पुन्हा फुटलं, की शेवटी तिथं मांस येत नाही, असं त्या म्हणाल्या. गेलं ते परत येत नाही. कूज लागलेलं हळकुंड मोडल्यावर उकंडराव नेहमी विचारायचा, कधी लागली? या वेळी त्यानं विचारलं नाही.

मग पायाखाली पेडल आलं. टोला वाजला की दाबायचं, सोडायचं. संपदाताईंनी माइकवरून बजावलं, आवळायला लागलं की लगेच थांबायचं, इथं जोर दाखवायचा नाही. खेमा हो म्हणाला आणि पाय हलायला लागला. पडद्यावर मांसातलं इंधन दाखवणाऱ्या रेघेचं एक टेकाड होतं, ते हळूहळू खाली बसायला लागलं. एक मिनिट झालं. दोन झाली. संपदाताई म्हणाल्या, खेमाराव, पुरे, थांबा. पाय थांबला नाही. त्यांनी पुन्हा सांगितलं. आतून आवाज आला, "होतंय अजून." मशीनवाल्यानं मशीन बंद केलं, टोला थांबला, तरी पाय दाबतच राहिला. संपदाताई दाराकडं धावल्या.

तो पाय कशानं हलतोय, ते त्या खोलीत फक्त एका माणसाला कळलं. त्या पायात अजून ड्रमचा दांडा होता. उकंडराव माइकवर वाकला.

"खेमा," तो म्हणाला. "खेमा, बस. बस, बाळा. बस आता."

पाय थांबला.

काचेपलीकडं संपदाताई त्याची पोटरी दोन्ही हातांनी धरून होत्या. उकंडराव आधाराला भिंत चाचपू लागला. मशीनवाल्यानं स्टूल सरकवलं आणि तो त्याच्यावर बसला. जेवण नव्हतं, मयत नव्हती, तरी बसला.

खेमाला चाकाच्या खुर्चीत व्हरांड्यात आणलं. पोटरी दगडासारखी झाली होती, हळूहळू सैल पडत होती. लघवी काळी झाली नाही तर उद्या जाता येईल असं ठरलं. द्वारकाबाई चहा आणायला गेली. बापलेक शेजारी शेजारी होते, आणि पंधरा वर्षं दाबून ठेवलेलं उकंडरावाच्या तोंडातून एकदाचं निघालं.

"मला वाटलं, तू मूठ उगारली माझ्यावर."

"उघडत नव्हती, आबा," खेमा म्हणाला.

उकंडरावानं त्याचा हात हातात घेतला आणि बोटं एकेक करून सरळ केली. आता ती सरळ होत होती. चुकलं माझं, असंही तो म्हणाला, पण इतक्या हळू की खेमाला ऐकू गेलं की नाही देव जाणे. घरी चल, हे मात्र राहिलं. गाडीत म्हणू, असं त्यानं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी गाडीत बसले. दोघांचं तिकीट वसमतचं, खेमाचं हिंगोलीपर्यंत, तिथून जीपनं नाका. नांदेड आलं, उकंडरावानं भजी घेतली. पूर्णा आली, तो पाण्याची बाटली भरायला उतरला. प्रत्येक स्टेशनावर वाक्य ओठावर यायचं आणि परत जायचं. पाचशे माणसांसमोर गड्यांवर ओरडणारा हा माणूस, पण तीन शब्दांना तोंड उघडेना. लाज कशी असते बघा, चूक करताना आडवी येत नाही, सुधारताना बरोबर वाटेत येऊन बसते.

वसमत आलं. दोन मिनिटांचा थांबा. द्वारकाबाई आधीच दारात जाऊन उभी होती. उकंडरावानं वरची थैली ओढली आणि मागं बघितलं तर खेमा सीटला धरून उठत होता. पोटरी अजून दुखत असणार, तोंड वाकडं झालं होतं. उकंडरावाला वाटलं, आपल्यासाठी, एका थैलीसाठी, हा दुखत्या पायावर उठतोय! त्याच्या तोंडून सगळी माया एकदम बाहेर आली.

"बस, बस. तू बस, मी घेतो."

खेमा अर्धवट उठलेला तसाच थांबला. बापाच्या तोंडाकडं बघत त्यानं विचारलं, "बसू?"

"व्हय रे, बस."

खेमा बसला.

उकंडराव थैली घेऊन उतरला. पंधरा वर्षांत पहिल्यांदा आपण पोराशी बराबर वागलो, असं त्याला वाटत होतं. गाडी हलली. घरी चल म्हणायचं राहिलं, पण फोनवर म्हणू, जवळच तर आहे. द्वारकाबाई गाडीच्या दाराकडं बघत होती. डबे पुढं सरकत गेले तशी ती विचारू लागली, खेमा कुठंय?

"बसवला त्याला. पाय दुखत व्हता."

द्वारकाबाई त्याच्याकडं वळली. मग म्हणाली, "तुमी पाणी भरायला उतरले ना पूर्णेला, तवा तो मला म्हनला. आई, वसमतला उतरतो म्हनला. आबा न्हाई बोलले तरी उतरतो. त्याची पिशवी खांद्याला व्हती त्याच्या. दिसली न्हाई तुमाला?"

दिसली नव्हती. पाय दिसला होता फक्त. उकंडराव थैली टाकून गाडीमागं धावला, बासष्ट वर्षांचा माणूस, फलाट संपेपर्यंत. शेवटचा डबा फाटकापलीकडं गेला तेव्हा परत आला. द्वारकाबाईनं फोन लावून त्याच्या हातात दिला.

"खेमा, अरं... पाय दुखत व्हता तुझा, म्हून मी म्हनलो रे."

पलीकडून गाडीचा खडखडाट येत होता. "ठावं हाये, आबा."

"पुढच्या ठेसनावर उतर. मी जीप घेऊन येऊन राहिलो. घरी चल, बाळा."

म्हणून झालं. आत्ता म्हणून झालं. 

"राहू द्या, आबा," खेमा म्हणाला. आवाजात राग नव्हता, हेच वाईट. "आता बसलोय मी."

फोन बंद झाला. फलाट रिकामा झाला होता. द्वारकाबाई बाकावर टेकली, थैली जवळ ओढून घेतली आणि नवऱ्याला म्हणाली, बसा घडीभर, मंग जाऊ. उकंडराव हिंगोलीकडच्या रुळांकडं तोंड करून उभाच राहिला.